करंबेळकर बाईंच्या एकट्या पेशी

डॉ. वत्सला करंबेळकर वारल्या, ही बातमी डोंबिवलीत मी पसरवली. पांढऱ्या खडूनं आणि सुवाच्य अक्षरात. बाई तेव्हा चांगल्या ठणठणीत होत्या आणि पुढेही बरीच वर्षं होत्या. पण आमच्या गल्लीतली जुनी माणसं अजूनही मला बघितलं की विचारतात, "काय पाटणकर, आज कोण?" माझं अक्षर चांगलं आहे, एवढाच माझा गुन्हा. बाकीचं सगळं बाईंनी केलं.

ठाण्याच्या एका कॉलेजात बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्याच विभागात प्रयोगशाळा सहाय्यक होतो. म्हणजे झुरळं पकडायची, बेडूक सांभाळायचे, काचपट्ट्या करायच्या आणि वर मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांबद्दल प्राचार्यांची बोलणी खायची. बाई आल्या आणि माझ्या कामात डोळ्यांची भर पडली.

त्यांचं संशोधन डोळ्याच्या पडद्यावर होतं. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी काही आजारांत एकेक करून मरत जातात. त्या कशा मरतात, आधी कुठल्या, मागून कुठल्या, हे बाईंना शोधायचं होतं. पण "मेल्या" हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. "आज बऱ्याच गेल्या हो पाटणकर," असं सूक्ष्मदर्शकातून मान वर काढून इतक्या कळवळून म्हणायच्या की नवीन आलेला शिपाई पहिल्या दिवशी टोपी काढून उभा राहिला.

या कामासाठी मोठमोठ्या संस्थांत पांढरे उंदीर वापरतात. आमच्याकडे उंदीर होते, पण ते आपले आपण आलेले. मग बाईंनी खाडीतली निवटी धरली. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा बोटभर लांबीचा मासा, डोळे डोक्यावर टपोरे आलेले. बाईंचं म्हणणं असं, की प्रखर दिव्याखाली ठेवलं तर या माशाच्याही पडद्यातल्या पेशी जातात, पण माशाच्या डोळ्यात त्या पुन्हा उगवतात. माणसाच्या डोळ्यात उगवत नाहीत. "हा चिखलातला प्राणी जे करतो ते आपल्याला येत नाही. लाज वाटली पाहिजे," असं त्या मलाच सुनवायच्या, जणू मी मुद्दाम अडवून धरलं होतं.

निवट्या आणून द्यायच्या हिराबाई. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. पहिल्या दिवशी डबा टेबलावर आपटून त्यांनी विचारलं, "अगो बाय, तू तं बामनाची दिसतंस. शिजवाला येतील का तुला?"

"खायला नकोत मला. डोळे हवेत फक्त."

"डोले?" हिराबाई माझ्याकडे वळल्या. "येडी हाय का गो ही?"

"हुशार आहे," मी म्हटलं.

"तेच ते," हिराबाई म्हणाल्या आणि डबा ठेवून गेल्या. पण पुढे दोघींचं असं काही जमलं की विचारू नका. हिराबाई स्टुलावर बसून सूक्ष्मदर्शकातून बघायच्या आणि काचेवरचा जांभळा रंग बघून म्हणायच्या, "लुगड्याला बरा दिसंल." बाई लगेच वहीत लिहायच्या.

बाईंची मोजायची पद्धत एकदम घरगुती. मेणात बसवलेला डोळा मी यंत्रावर पापडाहून पातळ कापायचो, काचेवर घ्यायचो, रंगवायचो. मग बाई पेशी मोजायला बसायच्या. शेजारी दोन वाट्या, एकीत चिंचोके. शंभर पेशी झाल्या की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मोजणीचं छोटं यंत्र कपाटात पडून होतं, ते त्यांना चालायचं नाही. "खटका दाबला की बोटाला कळतं, डोक्याला कळत नाही. चिंचोका उचलावा लागतो." एकदा एका निवटीचा डोळा पूर्ण दुपारभर मोजून, आकडे लिहून, बाई घरी गेलेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. साडीच्या निरीत एक चिंचोका सापडला होता.

"कुठल्या वाटीतला?" मी विचारलं.

"तेच तर माहीत नाही ना."

"अहो, एक चिंचोका!"

"शंभर जणी आहेत त्या, पाटणकर."

अकरा काचा पुन्हा मोजल्या. मी मनातल्या मनात चिंचेच्या झाडाला शिव्या घातल्या. आकडा आधीचाच निघाला, आणि बाईंना इतका आनंद झाला की सगळ्या विभागाला त्यांनी बटाटेवडे खिलवले.

हे सगळं कशासाठी, ते मला त्यांच्या डोंबिवलीच्या घरी गेल्यावर कळलं. घरी त्यांचा थोरला भाऊ, अण्णा. अण्णा मोहने गावच्या कारखान्यात टाइमकीपर होता. कोण किती वाजता आला, कोण उशिरा आला, सगळं त्याच्या जिभेवर. चाळिशीच्या आत त्याला दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं. मग कडेकडेनं अंधारत गेलं. रातांधळेपणाचा हा एक प्रकार घराण्यातून येतो, तो अण्णाला आला आणि बाईंना आला नाही. कारखाना सोडावा लागला. मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्याला समोरचं जग एका लहानशा गोल खिडकीतून बघावं तसं दिसत होतं. त्या खिडकीच्या बाहेर काही नाही.

ती खिडकी टिकणार की बंद होणार, एवढाच त्या घरातला प्रश्न होता. पण सुतकी चेहरे करून बसणारी माणसं नव्हती ती. बाई संध्याकाळी ठाण्याहून आल्या, जिन्यात चपला वाजल्या, की अण्णा आतूनच ओरडायचा, "वच्छी, सापडलं का?"

"अजून नाही रे अण्णा."

"बरं. चहा टाक मग."

रोज. एक दिवस चुकायचा नाही. बाई मला म्हणाल्या होत्या, "आमचा करार आहे. तो रोज विचारणार आणि मी खोटं सांगणार नाही."

दर रविवारी अण्णाची हजेरी. ठरलेल्या खुर्चीत बसायचं, पाय जमिनीवरच्या ठरलेल्या फरशीवर, आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर लावायची. मान न हलवता एका वेळी किती तारखा दिसतात ते तो सांगायचा आणि बाई वहीत लिहायच्या. सुरुवातीला म्हणे आख्खा आठवडा दिसायचा. मी ओळखायला लागलो तेव्हा पाच. मग चार. मग तीन. "सुट्टीची तारीख मधे आली तर बरं वाटतं," अण्णा म्हणायचा. "लाल रंग अजून झकास आहे."

यात गंमत अशी, की डोळे अण्णाचे अधू आणि धडपडायच्या बाई. बाईंची नजर शंभर नंबरी, पण चालताना डोक्यात पेशी. अण्णा रोज सकाळी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला जायचा. लोकांना वाटायचं, बहीण भावाला धरून नेतेय. खरं उलटं होतं. आपल्या त्या टीचभर गोलातून अण्णा रस्ता चाळत चालायचा आणि मधे मधे हाक ऐकू यायची, "वच्छी, गाय. वच्छी, खड्डा. वच्छी, खांब!" दर दोनचार दिवसांनी बाई तरीही खांबाला आपटायच्याच आणि खांबाला "सॉरी" म्हणायच्या. "हिला सगळं दिसतं ना," अण्णा मला म्हणाला, "म्हणून ही बघत नाही."

आता त्या फळ्याचं.

आमच्या वाचनालयाबाहेर एक मोठा काळा फळा होता. डाव्या अर्ध्यावर कार्यक्रम, उजव्या अर्ध्यावर वर तेलरंगात कायमचा मथळा लिहिलेला: "दुःखद वार्ता". परिसरात कोणी गेलं की नाव तिथे लागायचं. डोंबिवलीकर सकाळी दूध घेऊन येताना आधी उजवी बाजू वाचतो, मग डावी. फळा लिहायचं काम अक्षरामुळे माझ्याकडे. वाचनालयानं बाईंचं व्याख्यान ठेवलं. विषय बाईंनीच दिला: "डोळ्यांतील पेशींचा मृत्यू". मी शुक्रवारी लिहायला गेलो तर डावीकडे पाककला स्पर्धेच्या नियमांनी इंचभरही जागा ठेवली नव्हती. उजवी बाजू रिकामी होती, त्या आठवड्यात देवाच्या कृपेनं कोणी गेलं नव्हतं. म्हटलं, इथे लिहू. मथळ्याकडे माझं लक्षच गेलं नाही. बरं, पांढरा खडू संपत आलेला, म्हणून मधली "व्याख्यान: डोळ्यांतील पेशींचा" एवढी ओळ निळ्या खडूनं लिहिली. शनिवारी पहाटे तिथे कोणीतरी सायकल टेकवून ठेवली आणि निळी ओळ पुसली गेली. उरलं ते असं: दुःखद वार्ता. डॉ. वत्सला करंबेळकर. मृत्यू. रविवार, सायंकाळी पाच, वाचनालयाचे सभागृह.

बाई नेमक्या शनिवारी व्याख्यानाच्या तयारीसाठी रजेवर. आमचे प्राचार्य डोंबिवलीतच राहायचे, त्यांनी सकाळी फळा वाचला आणि कॉलेजात दोन मिनिटं शांतता पाळली. मी त्या दिवशी कॉलेजच्या कामाला पनवेलला गेलेलो. मला काही पत्ता नाही.

रविवारी सकाळी पलीकडच्या रस्त्यावरचे एक कुलकर्णी अण्णाकडे गेले. अण्णा खुर्चीत बसलेला. कुलकर्ण्यांनी त्याचा हात हातात घेतला. "अण्णा, फार वाईट झालं हो."

अण्णाला वाटलं, डोळ्यांबद्दल बोलतायत. "चालायचंच," तो म्हणाला. "सवय होते."

"पण असं अचानक..."

"अचानक कुठलं? वीस वर्षं चाललंय."

तेवढ्यात बाई न्हाणीघरातून डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या. "चहा घेणार ना?" त्यांनी विचारलं. तो चहा कुलकर्ण्यांना तोंडावर पाणी मारल्यानंतर द्यावा लागला.

बाई तशाच वाचनालयाकडे निघाल्या. मला कोणीतरी घरी येऊन झापलं होतं, त्यामुळे मी आधीच डस्टर घेऊन फळ्यापुढे उभा. लाजेनं मेल्यासारखं झालेलं.

"पाटणकर, हात खाली!" बाई लांबूनच ओरडल्या. मग फळा नीट वाचला आणि इतक्या हसल्या की त्यांना कठड्यावर बसावं लागलं. "मागच्या विज्ञानाच्या व्याख्यानाला किती लोक होते हो?"

"नऊ. त्यात मी आणि शिपाई."

"मग राहू दे हे असंच."

"अहो बाई, खोटं आहे ते! एका चिंचोक्यासाठी अकरा काचा मोजता आणि..."

"खोटं काय आहे? मृत्यू आहेच. कोणाचा, ते पाच वाजता सांगते."

पाच वाजता सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या, हळू आवाज, प्राचार्यांच्या हातात हार. पहिल्या रांगेत अण्णा, काळ्या चष्म्यात अगदी शोकाकुल दिसत होता. खरं म्हणजे तो हसू दाबत होता. दारातून हिराबाई रडतच आत आल्या, "माजी बाय गेली गो," आणि मला बघून आणखी मोठ्यानं रडायला लागल्या. मी पडद्यामागे पळालो.

बाई व्यासपीठावर आल्या. सभागृहातून एकच आवाज निघाला, तो कसा लिहायचा ते मला येत नाही. कोणी हसलं, कोणी देवाचं नाव घेतलं. एक म्हातारे गृहस्थ काठी आपटत उठले. "ही काय थट्टा आहे? आम्ही चहा अर्धवट टाकून आलो!"

बाईंनी हात जोडले. "काका, रागवा, पण बसा. मला एकच सांगा. तुमची माझी ओळखसुद्धा नाही. मग का आलात?"

"का म्हणजे? शेजारचं माणूस गेलं म्हणून आलो!"

"बस," बाई म्हणाल्या. "एवढंच मला आज सांगायचं होतं."

आणि त्या बोलायला लागल्या. डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी राहतात. अंधारात बघणाऱ्या त्या दंडपेशी. उजेडात, रंगात बघणाऱ्या त्या शंकूपेशी. मधोमध शंकूंची दाट वस्ती, भोवतीनं दंडांची. घराण्यातून येणारा हा आजार होतो तो दंडपेशींना. त्या जातात. शंकूपेशींमध्ये आजाराचं नावही नसतं. त्या धडधाकट असतात. "पण भोवतालचे शेजारी गेले, की काही वर्षांनी याही जायला लागतात. मी इतकी वर्षं मोजतेय. रोगानं जातात त्या दंडपेशी. शंकूपेशी जातात त्या सुतकानं."

अण्णा उभा राहिला. त्यानं चष्मा काढला आणि आवाजाच्या दिशेनं नाही, बरोबर बाईंच्या तोंडाकडे बघितलं. ते गोल त्यानं त्यांच्यावर लावलं होतं.

"वच्छी, म्हणजे मी ज्यांनी बघतोय, त्यांना काही झालेलंच नाही?"

"काही नाही रे अण्णा. चांगल्या आहेत त्या. एकट्या पडल्यात फक्त."

मला रडू आलं, सांगायला लाज कसली. तेवढ्यात मागून हिराबाईंचा आवाज. डोळे पुसून झाले होते, आता राग आला होता. "मंग त्यांना सोबत द्या ना गो बाय! एकला मानूस किती दिस काढंल?"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. व्याख्यान मधेच थांबवून त्यांनी पर्समधून वही काढली, पेन्सिल काढली आणि आख्ख्या सभागृहासमोर ते वाक्य लिहून घेतलं. मग प्राचार्यांच्या हातातला हार घेऊन हिराबाईंच्या गळ्यात घातला.

पुढची सगळी वर्षं बाईंनी त्या एका वाक्यावर काम केलं. सगळ्या दंडपेशी परत आणता येत नसतील, पण मूठभर शेजारी राहिले तर शंकूपेशी तग धरतात का? निवट्यांच्या डोळ्यात त्या तग धरताना बाईंना दिसल्या. थोड्या दंडपेशी वाचल्या असल्या तरी भोवतालचे शंकू टिकायचे. माणसाचं काय, ते ठाण्यातल्या एका खोलीत बसून कळण्यासारखं नव्हतं, आणि बाईंनी कळलं असा आव कधी आणला नाही. निबंध इंग्रजीत लिहिताना "सोबत" या शब्दावर गाडी अडली. चार शब्द लिहिले, चारही खोडले. "यातल्या एकालाही हिराबाई बोलल्या ते कळत नाही," म्हणून वैतागल्या. शेवटी लांबलचक वाक्य लिहिलं आणि निबंधाच्या तळाशी आभारात पहिलं नाव हिराबाईंचं घातलं. छापून आल्यावर ते पान हिराबाईंनी भिंतीवर गणपतीशेजारी लावलं.

घरी मात्र "अजून नाही" चालूच होतं. तीनाच्या दोन तारखा झाल्या, दोनाची एक. ती एक तारीख खूप दिवस टिकली. रविवारी अण्णा "एक!" असं म्हणायचा ते शिट्टी मारल्यासारखं.

बाई निवृत्त झाल्या आणि दोघं टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला गेली. एका रविवारी मी गेलेलो. घराला नुकताच रंग दिलेला. अण्णा त्याच खुर्चीत, पाय इथल्याही एका ठरलेल्या फरशीवर. बाई वही घेऊन बसल्या.

"अण्णा, किती?"

"एक," अण्णा म्हणाला.

मी समोरच्या भिंतीकडे बघितलं. रंगासाठी कॅलेंडर काढलेलं, अजून लावलंच नव्हतं. नुसता खिळा होता. मी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, बोलू नका म्हणून.

"पाटणकर गप्प झाले," अण्णा म्हणाला. "म्हणजे भिंतीवर कॅलेंडर नाहीये ते त्यांनी बघितलं. अहो, मलाही ठाऊक आहे. खिळ्याला लावताना कॅलेंडरची पत्र्याची पट्टी वाजते, ती वाजली नाही."

"मग एक कुठली दिसली तुला?" बाईंनी विचारलं.

"काही दिसत नाही गं. गेल्या दिवाळीपासून नाही. पण तू इतकी वर्षं खरं सांगितलंस, म्हटलं आपण थोडं खोटं बोलून बघावं. जमत नाही बुवा." आणि तो हसला. मग बाईही हसल्या, डोळे पुसत पुसत हसल्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आठ महिने मी त्या रकान्यात काही लिहिलेलं नाही."

"मग लिही आता. आणि सापडलं का ते सांग."

"अजून नाही रे अण्णा."

"बरं. चहा टाक मग."

बाईंनी लिहिलं आणि चहा टाकायला गेल्या. वही टेबलावर उघडीच होती. मी वाचली. तारीख, वार, आणि खाली दोन ओळी: "दिसणाऱ्या तारखा: शून्य. सोबत: आहे."

काही वर्षांनी बाई खरंच गेल्या. वाचनालयातून मला फळा लिहायला बोलावणं आलं. मी गेलो नाही. एकदा लिहिला होता, तेवढा पुरे. मला बाई आठवतात त्या टिटवाळ्याच्या त्या रविवारच्या. चहा झाल्यावर मला रिक्षापर्यंत सोडायला त्या खाली आल्या. रिक्षा वळली तेव्हा मी मागे बघितलं. बाई इमारतीकडे परत चालल्या होत्या, मान खाली, बोटांवर काहीतरी मोजत. फाटकाशी नवा विजेचा खांब उभा होता आणि त्या सरळ त्याच्यावरच चालल्या होत्या. वर गॅलरीत अण्णा कठडा धरून उभा होता, तोंड भलतीकडेच. चपलांच्या आवाजावर कान लावून तो पावलं मोजत होता.

"वच्छी, खांब!"

बाई थांबल्या. खांब त्यांच्या नाकापासून वीतभर राहिला होता.